मीठ शेवटी

कोशिंबिरीचा वाडगा समोर आला की चाचा आधी तो दोन्ही हातांनी उचलत, जरासा तिरका करत आणि कडेला किती पाणी जमतं ते बघत. चमचाभर जमलं तर मुकाट्याने वाडगा खाली ठेवत. त्याहून जास्त जमलं तर यजमानाकडे बघून मान हलवत आणि म्हणत, "मीठ शेवटी, भाऊ. मीठ शेवटी."

माझ्या घरी त्यांनी हे पहिल्यांदा केलं ते सत्यनारायणाच्या दिवशी. पूजेला आलेली मंडळी जेवून गेली होती आणि समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांना, चाचा-चाचींना, आम्ही निवांत जेवायला बोलावलं होतं. बायकोने सकाळी दहाला काकडी कोचवून, मीठ-साखर घालून ठेवली होती. आता दोन वाजले होते. वाडगा तिरका झाला आणि त्यात जे दिसायचं ते दिसलं. चाचांनी मान हलवली. बायकोने माझ्याकडे बघितलं. पाहुणा गेल्यावर काय ऐकावं लागणार, ते मला तेव्हाच कळलं.

"आल्या आल्या वाडगा काय उलटा करून बघतात! भांड्याला भोक आहे का बघत होते?"

मी वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत नोकरी करतो. दुकानदाराचा काटा खरा की खोटा, हे बोलण्यावरून ठरवायचं नसतं, वजन ठेवून बघायचं असतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी घरच्या काट्यावर अर्धा किलो काकडी मोजून मी ती कोचवली, एक चमचा मीठ घातलं, अर्धा तास थांबलो आणि गाळून पाणी मोजलं. चौऱ्याण्णव ग्रॅम भरलं. मीठ न घातलेल्या अर्ध्या किलोतून अकरा ग्रॅम. हा आकडा मी चाचांना जिन्यात सांगितला, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"एकतीस वर्षं मी हे किचनमधल्या पोरांना तोंडानं सांगितलं. तुम्ही मोजलंत."

आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

तोपर्यंत आम्ही चाचींनाच ओळखत होतो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका फोटोत पांढरी उंच टोपी घातलेला एक माणूस होता, तेवढीच चाचांची ओळख. ते कतारच्या एका मोठ्या हॉटेलात होते. दोन वर्षांतून एकदा दीड महिना घरी यायचे. मी हिशेबी माणूस. एकतीस वर्षांत पंधरा खेपा, म्हणजे साडेबावीस महिने. संसार एकतीस वर्षांचा, आणि घरी राहणं पुरतं दोन वर्षांचंही नाही. हा आकडा मात्र मी त्यांना कधी सांगितला नाही.

तिकडे त्यांचं काम थंड किचनमध्ये. म्हणजे चूलच नसलेलं स्वयंपाकघर. तिथे बारा महिने थंडी. सकाळी सहा ते दुपारी तीन, पायात जाड मोजे, आणि समोर फक्त सलाड. मुलगा बहारीनला लागला, मुलगी चिपळूणला दिली, तेव्हा चाचा कायमचे परत आले. येताना टीव्ही आणला नाही, अत्तर आणलं नाही. टॉवेलात गुंडाळलेल्या चार सुऱ्या आणल्या.

सलाड कशाला म्हणायचं यावर चाचांची मतं अगदी पक्की होती. एका रविवारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून हातखंब्याला कामासाठी गेलो होतो. तिथल्या हॉटेलात जेवायला बसलो आणि मी ग्रीन सलाड मागवलं. डॉक्टरांनी मला साखरेमुळे तेच सांगितलेलं. बशी आली. कडेने काकडीच्या चकत्या, त्यावर टोमॅटोच्या, आत बिटाच्या, मधोमध अर्धं लिंबू आणि एक हिरवी मिरची.

चाचा वेटरला म्हणाले, "ही काय रांगोळी हाय?"

"सलाड हाय, चाचा."

"ह्याला सलाड म्हणत नाय. ह्यातली काकडी टोमॅटोला ओळखते तरी काय? शेजारी शेजारी बसवल्यानं सलाड होत नाय. एकमेकांत मिसळावं लागतं."

वेटरही आमच्याच भागातला. तो म्हणाला, "मग तुम्ही लावून द्या त्यांचं लगीन. मला चार टेबलं बघायचीत."

चाचा इतके हसले की ठसका लागला. मग त्यांनी खरोखरच वाटी आणि सुरी मागवून घेतली, टेबलावरच सगळ्याचे बारीक तुकडे केले, लिंबू पिळलं, डाळीवरच्या तेलाचे चार थेंब चमच्याने उचलून घातले, आणि अगदी शेवटी, तोंडात घास जायच्या आधी, मीठ. ती वाटी मला अजून आठवते. जिन्नस तेच होते, पण चव निराळी.

परतताना त्यांनी स्कूटरवर मागे बसून मला सलाडांचे प्रकार सांगितले. वारा कानात भरत होता, त्यामुळे निम्मं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावं लागलं. पानांचं वेगळं. त्यात पानं ओली राहिली की तेल धरत नाही, म्हणून पानं आधी फडक्यात झटकायची. कोथिंबिरीसारख्या एका पाल्याची जुडीच्या जुडी चिरून त्यात मूठभर भरडा गहू घालतात ते अरबांचं. शिळी रोटी भाजून तिचे तुकडे घालतात ते दुसरं, त्याला फत्तूश म्हणतात. बटाटा, अंडं वगैरे दाट पांढऱ्या सॉसमध्ये कालवतात ते बांधलेलं. कडधान्याचं. फळांचं. शिजवून गार केलेल्या भाज्यांचं. आणि या सगळ्यांना चार अटी: तुकडा घासाएवढा, आंबट काहीतरी, स्निग्ध काहीतरी, आणि मीठ शेवटी.

"आणि फोडणी?" मी विचारलं.

"फोडणी पडली की कोशिंबीर."

"दही?"

"दही घातलं की रायतं."

"म्हणजे शिजवलेला बटाटा सलाड, आणि कच्ची काकडी दह्यात गेली की नाही?"

"भाऊ, तुम्ही काटा तपासा. सलाड माझ्यावर सोडा."

पण मला चैन पडेना. मी एक वही घेतली, उभे रकाने आखले, आणि कच्चं की शिजलेलं, आंबट कशाचं, तेल किती, फोडणी आहे की नाही, असं एकेका प्रकारापुढे लिहीत गेलो. त्यांचे आणि आमचे मिळून सत्तावीस प्रकार झाले. चाचांच्या अटींत अकरा बसले. माझ्या बायकोने ती वही चाळली आणि म्हणाली, "एवढं कशाला? ताटात डावीकडे वाढतात ते सलाड."

हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "वैनींचं बरोबर असेल. पण आमच्याकडं ताटाला डावं-उजवं नसतं. मग आम्ही काय करायचं?"

तीन वर्षं हे सगळं गमतीत चाललं. पण चौथ्या वर्षी दिवाळीनंतर त्यात गंमत राहिली नाही.

चाचींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजव्या डोळ्याचा पिकून गेला होता. "उजेड दिसतो, माणूस दिसत नाय," असं त्या सांगत. ज्या बाईने चाळीस वर्षं बंदरावर जाऊन मासळीचे कल्ले उचलून ताजी-शिळी ठरवली, ती आता बोटाने चाचपून पापलेट घेत होती आणि विकणारी बाई तिला दुसऱ्या टोपलीतलं शिळं देत होती. गॅस पेटलाय की नाही हे त्यांना आवाजावरून कळायचं. एकदा ओढणीचं टोक जळलं, तेव्हापासून स्वयंपाक चाचांनी आपल्याकडे घेतला.

डोळ्यांचे डॉक्टर ऑपरेशनला तयार होते, पण चाचींची उपाशीपोटीची साखर निघाली दोनशे छत्तीस. डॉक्टर म्हणाले, "दीडशेच्या आत आणा. एकदा येऊन उपयोग नाही. सलग तीन आठवडे दीडशेच्या आत दिसली की मी लगेच करतो." गोळी वाढवून दिली, भात एक वाटी, आणि कागदावर लिहून दिलं: जेवणात निम्मं ताट कच्च्या भाज्या.

चाचा तो कागद घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मला आधी कळेना, दोनशे छत्तीसवर माणूस एवढा खुश कसा. मग ते म्हणाले, "भाऊ, आख्ख्या दुनियेला खायला घातलं. आता हिला."

साखर तपासायचं यंत्र माझ्याकडे होतं. ठरलं असं की दर सोमवारी सकाळी सातला मी समोर जायचं, चाचींच्या बोटाला सुई टोचायची आणि आकडा वहीत लिहायचा. तीच वही, मागच्या बाजूने.

चाचींना कच्चं खाणं मान्यच नव्हतं.

"मी काय बकरी हाय? पाला काय घालताय?"

पहिल्या आठवड्यात चाचांनी ते अरबी पाल्याचं केलं, इथली कोथिंबीर आणि पुदिना वापरून. चाचींनी एक घास घेतला आणि बाजूला केला. "चटणी वाटायची राहून गेली काय?" दुसऱ्या आठवड्यात फत्तूश. शिळी रोटी नव्हती म्हणून तांदळाची शिळी भाकरी भाजून तिचे तुकडे घातले. दिसत नसताना चाचींनी बोटांनी वेचून भाकरीचे सगळे तुकडे खाल्ले, आणि पानं जशीच्या तशी परत केली. वहीत दोनशे एकोणतीस.

तिसऱ्या आठवड्यात मात्र वाडगा चाटूनपुसून रिकामा झाला. चाचा दारातच उभे होते माझी वाट बघत. "संपवलं! दोन वेळा मागून घेतलं!" मी सुई टोचली. दोनशे एक्केचाळीस.

"चाचा, काय केलं होतंत?"

"सलाड."

"कसलं?"

ते म्हणाले, "बटाट्याचं."

"बटाटा साखर वाढवतो, चाचा."

"पण भाऊ, ते सलाड हाय," असं म्हणताना त्यांचा आवाज इतका दुखावलेला होता की मी आकडा लिहून वही मिटली. चाची पलंगावर बसून तोंडाला ओढणी लावून हसत होत्या.

नंतरचे दोन महिने असेच गेले. गाजर किसून बघितलं, बीट उकडून, कोबी मिठाच्या पाण्यात ठेवून. चाचा वाटी घेऊन पलंगाशी बसत, "एक घास, माझ्यासाठी", आणि चाची तोंड भिंतीकडे करत. एकदा मी जिन्यात असताना त्यांचा आवाज चढलेला ऐकला. चाचांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तुला दिसायला नको हाय काय? माझं तोंड बघायला नको हाय?"  मग चाचींचा आवाज: "तुमचं तोंड मला पाठ हाय. फोटोवरनं."

त्या दिवशी चाचा माझ्याकडे आले नाहीत.

जानेवारीत दाभोळला चाचांच्या थोरल्या भावाच्या नातीचं लग्न निघालं. चाचींना गर्दीत धक्के लागायचे, म्हणून त्या आल्या नाहीत. चिपळूणहून मुलगी सोबतीला यायची होती, ती मुलाच्या तापामुळे अडकली. चाचा चार दिवसांसाठी गेले, पण जाताना आमच्या दाराशी तीनदा येऊन गेले. माझी बायको म्हणाली, "तुम्ही जा हो. मी बघते. दोन वेळची भाकरी माझ्याकडून."

ते परत आले रविवारी संध्याकाळी. सोमवारी सातला मी गेलो. आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी.

मी यंत्र हलवून पुन्हा एक पट्टी घातली. एकशे नव्वद.

चाचा म्हणाले, "गोळी लागू पडली."

मी म्हणालो, "गोळी अडीच महिने चालू आहे. याच आठवड्यात काय बदललं ते बघायला हवं." मग मी चाचींना विचारलं, चार दिवस काय काय खाल्लं.

"काय खाणार? वैनी भाकरी द्यायच्या, एक. भात मी लावला नाय, एकटीला कशाला?"

"आणि भाकरीबरोबर?"

"जवल्याची कोशिंबीर."

जवळा म्हणजे सुकवलेली, नखाएवढी कोळंबी. आमच्या भागात प्रत्येक घरात डबा भरलेला असतो. चाचींनी तव्यावर तो भाजला होता, मंद आचेवर; वासावरून कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. मग हाताने चाचपत कांदा, टोमॅटो, काकडी, कोबीचं पान, हिरवी मिरची, ओलं खोबरं, कोकमाचं आगळ. वाडगाभर. दोन वेळा.

"रोज?"

"रोज. चार दिवस कुणी मध्ये बोलायला नव्हतं, म्हणून पोटभर खाल्ली."

मी त्यांना तसाच वाडगा पुन्हा करायला लावला आणि प्रत्येक जिन्नस काट्यावर ठेवला. कच्ची भाजी दोनशे साठ ग्रॅम. जवळा पंधरा ग्रॅम. मी वही उघडून रकाने भरले. तुकडा घासाएवढा. आंबट आगळाचं. स्निग्ध खोबऱ्याचं. फोडणी नाही, दही नाही. मीठ घातलेलंच नव्हतं, कारण जवळाच खारट.

"चाचा," मी म्हणालो, "हे तुमच्या चारही अटींत बसतं."

चाचांनी वही बघितली, वाडगा बघितला. "ही कोशिंबीर हाय, भाऊ. जवल्याची. ह्याला सलाड कोण म्हणेल? आमच्या आया करायच्या हे. भाजी नसली की करायच्या. वास येतो ह्याला."

"वासाचा रकाना नाही वहीत."

तेवढ्यात चाची बोलल्या. त्या रागावून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं असावं. "एकतीस वर्षं तुम्ही परक्या माणसांना इचारून इचारून वाढलंत. साहेब, हे घालू, मॅडम, ते काढू. फोनवर मला सगळं इचारलंत. छप्पर गळतं काय, पोरं शिकतात काय, बरी हायस काय. तू काय खातेस, हे कधी इचारलंत नाय. मी हे खात होते. पोरांना मासे घालायचे आणि मी हे खायचे. मला आवडतं."

चाचा खुर्चीवर बसले होते. त्यांनी वाडगा उचलला. मला वाटलं सवयीने तिरका करून बघणार. त्यांनी चमचा घेतला आणि खायला लागले. खाताना मान खालीच होती. अर्धा वाडगा झाल्यावर म्हणाले, "जवला मऊ पडलाय थोडा."

चाची म्हणाल्या, "कारण आधी घातला. तुमच्या भाऊंना मोजायची घाई."

"जवला शेवटी घालायला हवा," चाचा म्हणाले. एवढं बोलून ते उठले आणि आत जाऊन सुऱ्यांचा टॉवेल घेऊन आले.

त्या दिवसापासून त्यांनी आपलं सगळं कसब त्या एका वाडग्यात ओतलं. काकडीच्या बिया काढून टाकत, पाणी सुटू नये म्हणून. कांदा गार पाण्यातून काढून पिळून घेत, कारण चाचींना त्याचा उग्रपणा आवडत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी आता विचारून घेतली होती. भाजीचं प्रमाण ते दर आठवड्याला थोडं वाढवत, जवळा तेवढाच. मोड आलेले कुळीथ आले, मुळा आला, कोबी वाढला. डॉक्टरांना आम्ही हे सगळं खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, सुक्या मासळीत मीठ फार, रक्तदाब बघा. मग जवळा आधी धुऊन, फडक्यावर वाळवून भाजायला लागले. चाची म्हणाल्या, "धुतलेला जवला म्हणजे काय जवला!" पण खाल्ला.

एकशे शहात्तर. एकशे एक्क्याऐंशी. एकशे त्रेसष्ट. फेब्रुवारीच्या मध्यावर एकशे अठ्ठेचाळीस आणि त्याच्या पुढच्या सोमवारी एकशे चव्वेचाळीस. दोन झाले. एकच उरला.

आणि तिसऱ्या सोमवारी एकशे एक्काहत्तर.

मी चाचांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "खुशीत काहीतरी करावंसं वाटलं, भाऊ. दोन आठवडे एवढं केलं तिनं."

"काय केलंत?"

"फळांचं. चिकू, द्राक्षं, केळं. वर थोडं कस्टर्ड." मग अगदी हळू, "ते पण सलाडच हाय."

"दोन वाट्या खाल्ल्या मी," चाचींनी कबुली दिली. "फार चांगलं झालं होतं. त्यांना बोलू नका."

चाचांनी माझ्या हातातली वही मागून घेतली, पुढच्या बाजूने उघडली, आणि त्या अकरांपैकी दोन ओळींवर स्वतःच्या हाताने काट मारली. बटाट्याचं आणि फळांचं. मग खाली, माझ्या रकान्यांची पर्वा न करता, लिहिलं: जवल्याचं. एकतीस वर्षं ज्या माणसाने सलाडाची व्याख्या कुणाला हलवू दिली नव्हती, त्याने ती एका सोमवारी सकाळी सव्वासातला हलवली.

पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. एकशे बावन्न निघाले, तेव्हा दोन अंकांसाठी तो आठवडा मी धरला नाही. चाचा म्हणाले, "दोनच तर हायत." मी म्हणालो, "दोन ग्रॅमवर मी दुकानदाराला सोडत नाही." चाची म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं." पुढे एकशे सत्तेचाळीस, एकशे एक्केचाळीस, एकशे अडतीस. त्या तिसऱ्या सोमवारी मी आकडा मोठ्याने वाचला. चाचांनी यंत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितलं. मग चाचींच्या हातात दिलं. त्यांना दिसणार नव्हतं, तरी त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

एक गोष्ट नोंदवायला हवी. हे सगळं सलाडाने झालं, असं मी म्हणणार नाही. गोळी होती, भात कमी होता, आणि चाचा त्यांना रोज संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालवत नेत होते. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येत नाही. काढता आला असता तर मी काढला असता.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, महिनाभर थेंब, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. चाचांनी तो महिना एकही दिवस न चुकता सांभाळला. मग डॉक्टरांनी सगळी बंधनं उठवली आणि त्याच दिवशी दुपारी चाचींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भांडी सगळी त्यांच्या जुन्या जागी परत गेली. ओट्यावरच्या सुऱ्या टॉवेलात बांधून बाहेरच्या कपाटावर आल्या.

त्या रविवारी अकराच्या सुमाराला आमच्या दारावर टकटक झाली. चाचा उभे होते. धुतलेला सदरा, केस विंचरलेले, काखेत तो टॉवेल.

"वैनी," ते बायकोला म्हणाले, "तुमच्याकडं काही कापायचं हाय काय?"

कोशिंबिरीचा वाडगा तिरका करणाऱ्या या माणसावर चार वर्षं मनात राग धरून असलेली माझी बायको उठली आणि रात्रीसाठी ठेवलेल्या तिन्ही काकड्या, दोन टोमॅटो आणि कोबीचा अख्खा गड्डा तिने टेबलावर आणून ठेवला. कोबी त्या दिवशी आम्हाला नको होता.

चाचा कापायला बसले. पहिली काकडी झाली असेल, तेवढ्यात समोरून चाचींची हाक आली. "अवो, हायत कुठं तुम्ही? बाजारात जायचंय, पिशवी घ्या!"

चाचांनी सुरी पुसून ठेवली. "कोबी ठेवा वैनी, येतो मी," असं म्हणत ते निघाले. मी गॅलरीत आलो.

गेलं दीड वर्ष रस्ता ओलांडताना ते चाचींचा कोपर धरून चालत. आता चाची चार पावलं पुढे होत्या. रिक्षा आली तशा थांबल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि पलीकडे गेल्यासुद्धा. चाचा मागून येत होते. डाव्या हातात पिशवी होती, आणि उजवा हात अजून तसाच थोडा पुढे, कोपर धरावा तसा वळलेला. तिथे कोपर नव्हता. पलीकडून चाचींनी मागे वळून बघितलं आणि त्या हसल्या, तेव्हा कुठे चाचांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी तो हात वर करून हलवला.